500 फुटांच्या नियमामागची गोष्ट

23 जून 1980 च्या सकाळी दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून एक लाल रंगाचं छोटं विमान उडालं आणि काही मिनिटांतच विलिंग्डन क्रिसेंटजवळ कोसळलं. विमान पिट्स एस-2ए, खास हवाई कसरतींसाठी बांधलेलं. आत संजय गांधी आणि दिल्ली फ्लाइंग क्लबचे कॅप्टन सुभाष सक्सेना होते. दोघेही गेले. पुढे घातपाताची कुजबुज वर्षानुवर्षं चालली. बड्या माणसाच्या मृत्यूला साधं कारण आपल्याला पुरत नाही. पण जमिनीलगत घेतलेली कोलांटी हे कारण पुरेसं होतं.

पंख हवेला फार तिरका झाला, की त्याच्यावरून वाहणारा प्रवाह तुटतो आणि विमानाला उचलून धरणारं बळ ढासळतं. याला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन सुरूच असतं, बंद पडतो तो पंख. उपाय एकच: नाक खाली करा, वेग येऊ द्या, मग सावरा. उपायच जमिनीच्या दिशेने नेणारा! जमीन समोर धावून येत असताना नाक वर करायला हात आपोआप दांडी मागे ओढतो, आणि स्टॉल आणखी गहिरा होतो. त्यात वळण असेल तर विचारूच नका. सरळ उड्डाणात 50 नॉट वेगाला स्टॉल होणारं विमान उंची न सोडता 60 अंश कलून वळवलं, तर 70 नॉटलाच स्टॉल होतं.

हे कळायला जुन्या वैमानिकांनी जीव मोजले. त्या काळी स्टॉल झालेलं विमान गिरकीत सापडलं, म्हणजे गरगरत खाली येऊ लागलं, की मरण ठरलेलं. ऑगस्ट 1912 मध्ये इंग्लंडमध्ये लार्कहिलला लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचं ॲव्ह्रो विमान सुमारे 700 फुटांवरून गरगरत निघालं. सगळं करून झाल्यावर त्यांनी रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, गिरकीच्या उलट दाबला आणि जमीन जेमतेम 50 फूट उरली असताना विमान सरळ झालं. 700 ऐवजी 500 फूट असते तर? त्याच डिसेंबरात वेम्बलीजवळ, कमी उंचीवर, पार्क दुसऱ्या एका विमानात मरण पावले.

आंतरराष्ट्रीय नियम आज असा आहे: दाट वस्तीवर 600 मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याहून 1,000 फूट वर, इतरत्र जमिनीपासून किमान 500 फूट, जमिनीवरून उठताना आणि उतरताना सूट. 500 फूटही फार नव्हेत. तिथे इंजिन बंद पडलं, तर सेसनासारख्या साध्या छोट्या विमानाच्या वैमानिकाला शेत शोधून उतरायला साधारण चाळीस सेकंद मिळतात.

नियम पाळूनही माणूस अडकतो, हे न्यूयॉर्कने 11 ऑक्टोबर 2006 ला पाहिलं. बेसबॉलपटू कोरी लायडल आणि त्याचा प्रशिक्षक ईस्ट नदीवरून छोट्या सिरस विमानाने चालले होते. दोन्ही काठांवर उंच इमारती, पुढे परवानगीशिवाय जाता येत नाही अशी हवाई हद्द, म्हणून मागे वळणं भाग. नदी तिथे सुमारे 2,100 फूट रुंद. पण ते काठाला न चिकटता मधूनच वळले, म्हणजे पूर्ण रुंदी हाती राहिली नाही, त्यात पूर्वेचा वारा त्यांना मॅनहॅटनकडे ढकलत होता. वळण पुरलं नाही, विमान 72 व्या रस्त्यावरच्या इमारतीवर आदळलं. दोघांपैकी विमान कोण चालवत होतं, हे तपासातही ठरलं नाही. दोनच दिवसांत तिथून नियंत्रण कक्षाच्या संपर्काशिवाय अशी विमानं नेण्यावर बंदी आली.