वॉरहॉलचे सूपचे डबे छापलेले नाहीत

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने कॅम्पबेल कंपनीच्या सूपचा एकच डबा स्क्रीनप्रिंटने (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापण्याच्या पद्धतीने) ३२ वेळा छापला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

१९६२ साली लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत मांडलेले ते ३२ कॅनव्हास हाताने रंगवलेले आहेत. डब्याची प्रतिमा प्रोजेक्टरने कॅनव्हासवर पाडायची, पेन्सिलीने गिरवायची, मग ब्रशने रंग भरायचा. तळाच्या पट्टीवरची फुलांची नक्षी शिक्क्याने उमटवलेली, तीही हातानेच. जवळ जाऊन पाहिलं की शिक्के कुठे गडद, कुठे फिके लागलेले दिसतात. आणि डबाही एकच नाही: टोमॅटो, कांदा, चिकन नूडल... प्रत्येक कॅनव्हासवर वेगळा प्रकार, कारण त्या वेळी कंपनी ३२ प्रकार विकत होती. गंमत म्हणजे यंत्राचं काम वाटावं म्हणून माणसाने केवढी मेहनत घेतली!

गैरसमजाला कारणही आहे. त्याच वर्षी वॉरहॉल स्क्रीनप्रिंटकडे वळला, आणि १९६८ साली त्याने हेच डबे कागदावर खरोखर छापले. पोस्टरवर दोन्ही सारखेच दिसतात. पण छापील कामातही सगळं एकसारखं नसतंच. १९६२च्याच, अभिनेत्री मेरिलिन मन्रोच्या जोडचित्रात उजवीकडचे काळेपांढरे चेहरे कुठे शाईने बरबटलेत, तर कुठे जवळजवळ पुसले गेलेत.