गम (इंग्रजी शब्द)

गम : चिकट पदार्थांसाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द. झाडाच्या सालीतून पाझरून हवेवर वाळणारा आणि पाण्यात विरघळणारा किंवा फुगणारा पदार्थ, म्हणजे आपला डिंक, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे राळ, झाडाचा चीक, रबर, कागद चिकटवायचे द्रावण आणि चघळायची गोळी हे सगळेच त्याच्या पोटात आले. मराठीत या वस्तूंना निरनिराळी नावे आहेत आणि ती जपण्यासारखी आहेत. म्हणून इंग्रजी मजकुरात 'गम' दिसला की सरसकट 'डिंक' लिहून मोकळे होऊ नये. वस्तू कोणती ते आधी पाहावे.

शब्दाचे मूळ प्राचीन इजिप्तमध्ये आहे. तिथे बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक शाईत घालत आणि ममीच्या पट्ट्यांना लावत. तिथून ग्रीकमध्ये 'कोम्मी', लॅटिनमध्ये 'गुम्मी' आणि फ्रेंचमार्गे सुमारे १३०० च्या आसपास इंग्रजीत 'गम' असा हा प्रवास झाला. हिरडीलाही इंग्रजीत गमच म्हणतात, पण तो शब्द जुन्या इंग्रजीतल्या टाळूवाचक 'गोमा'वरून आला. उच्चार एक, कुळे दोन.

डिंक आणि राळ यांतला फरक घरातही पाहता येतो. डिंक म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, त्यामुळे त्याचे पाण्याशी जमते. बाभळीच्या डिंकाचा खडा रात्री वाटीभर पाण्यात टाकला की तो विरघळून पाणी दाटसर होते. कांडोळीचा डिंक पुरता विरघळत नाही, फुगून लिबलिबीत होतो. राळेचा किंवा उदाचा खडा मात्र पाण्यात तसाच राहतो. तो विरघळतो स्पिरिटमध्ये, आणि निखाऱ्यावर टाकला तर सुगंधी धूर देतो. इंग्रज व्यापाऱ्यांनी उदालाही 'गम बेंझॉइन' म्हटले, कारण झाडातून पाझरून घट्ट होणारे सगळेच त्यांच्या वखारीत एका नावाने जमा होई.

मराठी घरात डिंक ओळखीचा आहे तो लाडवांमुळे, थंडीतल्या आणि बाळंतिणीच्या. तुपात एका वेळी थोडेच खडे टाकायचे. आतला ओलावा वाफ होऊन खडा तडतडतो आणि लाहीसारखा फुलतो. तूप फार तापले तर खडा वरून लाल होतो, आत कच्चा राहतो आणि मग लाडू दाताला चिकटतो. या कामाला धावड्याचा डिंक नावाजलेला आहे. इंग्रजीत त्याचे नाव 'गम घट्टी'. घाटवाटांनी उतरणारा माल म्हणून हे नाव पडले, असे सांगतात.

जगाच्या व्यापारात मोठा मान अरबी डिंकाचा. नाव अरबी असले तरी त्याची मुख्य भूमी सुदान. सालीला चिरा देऊन काही आठवडे थांबायचे आणि वाळलेले थेंब हाताने वेचायचे, ही तिथली रीत. शीतपेयातले सुवासिक तेल पाण्यात मिसळून ठेवण्याचे काम हा डिंक करतो. अमेरिकेने १९९७ साली सुदानवर व्यापारी निर्बंध लादले, तरी या डिंकाच्या आयातीची वाट मोकळी ठेवली, यावरून त्याची गरज कळावी. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तो ४१४ या क्रमांकाने ओळखावा. तिथेच दिसणारा ४१२ म्हणजे ग्वार गम. तो सालीतून येत नाही. आपण जिच्या शेंगांची भाजी करतो त्या गवारीच्या बियांपासून काढतात, आणि त्याचे मोठे उत्पादन राजस्थानात होते. ४१५, झँथन गम, तर जिवाणूंकडून करवून घेतलेला. झाड सुटले, नाव राहिले.

च्युइंगमची गोष्ट डिंकाची नव्हे, चिकाची आहे. मेक्सिकोतल्या चिकूच्या झाडाला चिरा देऊन मिळणारा चीक आटवला की 'चिकल' होते. हा शब्द मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'त्झिक्त्ली'वरून आला. न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्सने त्यापासून रबर करण्याची खटपट केली, ती फसली आणि त्याने चघळण्याच्या गोळ्या विकायला काढल्या. हा १८७० च्या आसपासचा काळ. घोलवड-डहाणूच्या वाडीत कच्चा चिकू तोडला की देठातून तसाच पांढरा चीक टपकतो, आणि अर्धकच्चे फळ खाल्ले तर ओठ चिकटतात. आता बहुतेक च्युइंगममध्ये चिकल नसते, त्याची जागा कृत्रिम पदार्थांनी घेतली आहे. आपल्या पोरांनी तर जोडशब्द मळून त्याचे 'चिंगम' केले. सिंगापूरने १९९२ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. २००४ पासून औषधी उपयोगाच्या प्रकारांना मुभा मिळाली.

इतर उपयोगांत ऑस्ट्रेलियातला 'गम ट्री' म्हणजे निलगिरीच्या जातीची झाडे. त्यांच्या सालीतून पाझरणारा लाल पदार्थ पाहून हे नाव पडले, पण तो खरा डिंक नाही, त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. क्रियापद म्हणून 'गम अप' म्हणजे चिकटा बसून यंत्र किंवा काम अडणे. मुलांच्या आवडीच्या 'गमी' गोळ्यांना लवचिकपणा बहुधा जिलेटिनमुळे येतो. ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढतात, म्हणून शाकाहारी घरांनी वेष्टन वाचूनच त्या घ्याव्यात.

मराठीने हा शब्द उचलला तो दोन वाटांनी. शाळेच्या दप्तरात तो 'गमची बाटली' होऊन आला आणि मैद्याच्या खळीला त्याने बाजूला सारले. पतंगाला मात्र अजून कुठेकुठे खळच लागते. दुसरी वाट पावसाची. भातलावणीच्या चिखलात किंवा तुंबलेल्या गटारात उतरणाऱ्याच्या पायातला 'गमबूट' कशालाही चिकटवलेला नसतो. रबराला इंग्रजीत एकेकाळी 'गम इलॅस्टिक' म्हणत, त्यातला 'गम' त्या बुटाच्या नावात राहिला आहे.