ठिणग्या दिसल्या म्हणजे मिक्सरची मोटार जळली असे नव्हे

मिसळीचे वाटण करताना जुन्या मिक्सरच्या तळाशी निळसर ठिणग्या दिसल्या की मोटार जळली आणि यंत्र भंगारात काढावे, अशी समजूत नाशिकच्या अनेक घरांत वर्षानुवर्षे चालत आली आहे. ती बहुतेक वेळा चुकीची ठरते. या मोटारीत आर्मेचरला, म्हणजे तारेची वेटोळी असलेल्या फिरत्या भागाला, वीज पोहोचवण्यासाठी कार्बनचे दोन ब्रश स्प्रिंगच्या दाबाने त्याच्या टोकाशी असलेल्या तांब्याच्या गोल कड्यावर, म्हणजे कम्युटेटरवर, घासत राहतात, आणि तांब्याऐवजी आपण झिजावे, यासाठीच ते मऊ ठेवलेले असतात. ते आखूड झाले की दाब कमी पडतो, संपर्क तुटक होतो, ठिणग्या वाढतात आणि शेवटी मोटार फिरतच नाही. प्लग काढून दोन्ही ब्रश एकदमच बदलावेत. एकच बदलणे ही खोटी काटकसर आहे. नवे ब्रश कम्युटेटरच्या गोलाईवर नीट बसेपर्यंत थोड्या ठिणग्या दिसणे स्वाभाविक असते. मात्र त्यानंतरही कम्युटेटरभोवती ठिणग्यांचे कडे फिरत राहिले किंवा करपट वास आला, तर आर्मेचरची तपासणी करून घ्यावी. बिघाड वेटोळ्यांत असला तरी जाणकार कारागीर ती पुन्हा गुंडाळू शकतो. ब्रशची लांबी, रुंदी आणि जाडी यंत्रागणिक वेगळी असल्याने दुकानात जाताना जुना ब्रश अवश्य सोबत न्यावा.