हापूसच्या पेट्या आणि सॉफ्टवेअरच्या गरजा

देवगड-रत्नागिरी पट्ट्यातल्या बागायतदारांच्या एखाद्या संस्थेला आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर हवं आहे, असं धरू. मागणी बहुधा एका वाक्यात येते: "कुणाच्या किती पेट्या गेल्या आणि किती पैसे आले, ते मोबाइलवर दिसू दे." एवढ्यावर प्रोग्रॅमर कामाला लागला, तर ऐन एप्रिलमध्ये गोंधळ ठरलेला. या एका वाक्यापासून नेमक्या, तपासून पाहता येतील अशा गरजांपर्यंत पोचण्याच्या कामाला रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंग म्हणतात.

विचारायचं कुणाला? संस्थेच्या अध्यक्षांना तर विचाराच, पण पेट्या भरणाऱ्या बायका, टेम्पोवाला, वाशीचा दलाल आणि संस्थेचा हिशेबनीस यांना वगळून चालणार नाही. नुसतं विचारूनही भागत नाही. जे रोज हातून होतं ते माणूस सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही. म्हणून हंगामात पॅकिंगच्या जागी बसून पाहावं लागतं. तिथे दिसतं की पेटी चार डझनांची असते, पाचाची असते, सहाचीही असते. फळ मोठं तसे डझन कमी. मग 'पेट्यांची संख्या' एवढाच रकाना ठेवून कसं चालेल? आणखी एक गोष्ट कळते: पेटी टेम्पोत चढते तेव्हा भाव ठरलेलाच नसतो. माल विकला गेल्यावर दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, येते, तेव्हा तो समजतो. नोंद करताना भाव भरणं सक्तीचं केलं, तर लोक तिथे शून्य किंवा मनात येईल तो आकडा टाकून पुढे जातील. असे खोटे आकडे एकदा आत शिरले की खऱ्यांतून वेगळे काढणं फार अवघड.

सॉफ्टवेअरने काय करायचं, ही झाली कार्यात्मक गरज. किती वेगाने, किती सुरक्षितपणे, कोणत्या परिस्थितीत करायचं, ही गुणवत्तेची गरज. आणि हीच नेहमी राहून जाते. कातळावरच्या अनेक बागांत रेंज नसते. तिथे "ॲप ऑफलाइन चांगलं चालावं" हे वाक्य काही कामाचं नाही, कारण 'चांगलं' कसं तपासणार? त्याऐवजी असं लिहावं: रेंज नसताना नोंदवलेली पेटी फोनमध्ये साठवली जावी. रेंज आल्यावर २ मिनिटांत ती नोंद सर्व्हरवर पोचावी. तीच नोंद दोनदा पोचली, तरी पेटी एकच मोजली जावी. या तीन वेगळ्या गरजा आहेत, म्हणून त्यांना तीन वेगळे क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकीपुढे तिची चाचणी लिहावी. 'अमुक घडलं की प्रणालीने तमुक करावं' असा वाक्याचा साचा ठरवून घेतला की संदिग्धता बरीच कमी होते. रोल्स-रॉईसमधल्या ॲलिस्टेअर मॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे साचे मांडले; ते 'इअर्स' नावाने ओळखले जातात.

लिहिलं म्हणजे झालं, असंही नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ हरवलं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आकडे न्यूटन-सेकंद या मेट्रिक एककात द्यावेत, असं लेखी ठरलं होतं. ते पाउंड-सेकंदांत देत राहिलं, आणि दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. गरज कागदावर बरोबर होती. ती पाळली जाते आहे का, हे वेळेत पकडलं गेलं नाही. आपल्याकडेही डझन, पेटी आणि किलो यांची गल्लत अशीच होते. म्हणून गेल्या हंगामातल्या खऱ्या पट्ट्या घेऊन, कोड लिहिण्याआधीच, कागदावर काढलेल्या नमुना स्क्रीनवर हिशेबनिसाकडून पूर्ण हिशेब करवून घ्यावा. तो जिथे अडतो, तिथे एखादी गरज सुटलेली असते.

हंगाम सुरू झाल्यावर नव्या मागण्या येणारच. प्रत्येक मागणी कुणी केली, कधी केली आणि तिच्यामुळे आधीच्या कोणत्या क्रमांकाच्या गरजा बदलतात, याची नोंद ठेवावी. जिच्यावाचून हिशेब अडतो तेवढीच तेव्हा करावी, बाकीच्या पावसाळ्यात.