खाण आपली, गाळणी परक्याची

‘दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा (ताकदवान चुंबकांना वगैरे लागणाऱ्या ‘रेअर अर्थ’ धातूंचा) प्रचंड साठा सापडला’ अशी बातमी आली की प्रतिक्रिया ठरलेली असते: आता चीनची गरज संपली! मला मात्र अशा वेळी हटकून कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण आठवते. एके काळी जगाला ही मूलद्रव्यं पुरवणारी खाण. पण बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर कित्येक वर्षं तिथलं खनिज शुद्धीकरणासाठी जहाजात भरून चीनलाच जायचं.

मुळात ही मूलद्रव्यं म्हणावी तितकी दुर्मिळ नाहीत. सिरियम तर पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतकं आहे. घोडं अडतं ते ती एकमेकांपासून सोडवताना. ताकदवान चुंबकांना लागणारं निओडिमियम आणि त्याचं शेजारी प्रासिओडिमियम घ्या. या दोघांच्या मिश्रणालाच शास्त्रज्ञ एक मूलद्रव्य समजत होते. नाव डिडिमियम, म्हणजे याच गटातल्या लँथेनमचं ‘जुळं’. १८८५ साली ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर यांनी त्या जुळ्याच्या पोटातून आणखी एक जुळं काढलं!

फसगत होते कारण या अणूंमधला फरक आतल्या ‘४एफ’ नावाच्या इलेक्ट्रॉन-कक्षेत दडलेला असतो. बाहेरून दोघेही तीन इलेक्ट्रॉन गमावलेले, सारखेच वागणारे. फरक फक्त आकाराचा: आयनाची, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूची, त्रिज्या प्रासिओडिमियमची सुमारे ९९ पिकोमीटर (मीटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोमीटर), निओडिमियमची ९८.३. एवढ्याशा फरकावर सगळा कारखाना चालतो. आम्लात विरघळवलेलं खनिज केरोसिनसारख्या तेलात घुसळतात. तेलातलं सेंद्रिय आम्ल लहान आयनाला किंचित जास्त ओढतं. समजा, ही ओढ दीडपट आहे. मग निम्म्या-निम्म्या मिश्रणातून तेलात ६०:४० येतील, पुन्हा घुसळल्यावर ६९:३१, मग ७७:२३. ९९.९ टक्के शुद्धतेला अशा सतरा पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक टाकी. शिवाय पाण्यात उरलेला माल फेकायचा नसतो, तो उलट दिशेनं मागच्या टाकीत जातो. सगळी मूलद्रव्यं सोडवायची तर टाक्यांची संख्या शेकड्यांत जाते, आणि एका टाकीतली आम्लता बिघडली की पुढची रांग बिघडते.



एप्रिल २०२५ मध्ये चीननं सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. टाक्यांची रांग कुणाकडे आहे, ते तेव्हा ही चुंबकं लागणाऱ्या मोटार कारखान्यांना कळलं. पुढच्या वेळी साठ्याची बातमी वाचताना टनांच्या आकड्यापाशी थांबू नका. घुसळायला टाक्या कुठे आहेत, ते शोधा.