पॅराडाइज पुळण (गोकर्ण)

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या कुमठा तालुक्यात, गोकर्ण या शैव क्षेत्राच्या दक्षिणेस असलेली लहान पुळण (वाळूचा किनारा). सु. १४° ३०′ उ. अक्षांशाजवळ ती अरबी समुद्राला लागून आहे. ‘फुल मून’ या नावानेही ती ओळखली जाते. गोकर्ण गावापासून दक्षिणेकडे निघाले की मुख्य किनारा, कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज अशा पाच पुळणी एकीमागून एक लागतात. त्यांच्या पुढे बेलेकान आणि अघनाशिनी नदीच्या मुखावरील तदडी बंदर आहे. ओमच्या माथ्यापर्यंत मोटाररस्ता जातो. हाफ मून आणि पॅराडाइज येथे मात्र पायवाटेने किंवा होडीनेच पोहोचता येते. ओमपासून पॅराडाइजचे अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर भरेल, पण मधली भूशिरे थेट पाण्यात उतरतात आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जाण्याची सोय ठेवत नाहीत. या पुळणीचा एकांत टिकला तो या भूशिरांमुळे.

भूरचना : या पट्ट्याच्या तळाशी आर्कियन (सु. अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या) कालखंडातील पट्टिताश्म (नीस) व तत्सम रूपांतरित खडक असून माथ्यावर जांभ्याचा थर आहे. दक्षिण कोकणात ज्याला सडा म्हणतात तसाच हा सपाट, लालसर माथा. सड्याच्या कडा समुद्राकडे तुटलेल्या आहेत आणि दोन कड्यांमधल्या कोंडाळ्यात लाटांनी आणलेली वाळू साचून पुळण तयार झाली आहे. अशा पुळणीतील वाळू बरीचशी तिथल्या तिथेच फिरते. पावसाळ्यातील उंच लाटा ती ओढून उथळ समुद्रात नेतात आणि ऑक्टोबरनंतर समुद्र निवळला की ती हळूहळू परत येते. त्यामुळे एकाच पुळणीची रुंदी सप्टेंबरात व फेब्रुवारीत सारखी दिसत नाही. ओम पुळणीवर दोन चंद्रकोरींच्या मध्ये खडकाचा सुळका पुढे आलेला आहे. तिचा ॐसारखा आकार त्यातून साधला आहे.

जांभ्याच्या वयाविषयी एकमत नाही. किनाऱ्यालगतचा कमी उंचीवरील जांभा हा घाटमाथ्यावरील जांभ्यापेक्षा बराच अलीकडचा, म्हणजे नवजीवकल्पाच्या (गेल्या सु. साडेसहा कोटी वर्षांच्या) उत्तरार्धातील, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. काहींनी तर तो माथ्यावरून वाहून आलेल्या द्रव्याचा पुन्हा घट्ट झालेला थर मानला. मँगॅनीजयुक्त खनिजांचे आर्गॉन पद्धतीने कालमापन होऊ लागल्यावर कोकण-कानडा किनारपट्टीवरील खडकांचे अपक्षयण (हवापाण्याने होणारी झीज) इओसीन कालखंडापर्यंत, म्हणजे साडेतीन कोटी वर्षांहून मागे जाते, असे निष्कर्ष पुढे आले. ते मान्य केल्यास सह्याद्रीचा कडा आणि त्याच्या पायथ्याची सखल पट्टी ही दोन्ही रूपे आजवर समजली जात होती त्याहून जुनी ठरतात. एका भागातील नमुन्यांवरून साऱ्या किनाऱ्याचे वय ठरवणे धाडसाचे असले, तरी पुराव्याचे पारडे दुसऱ्या मताकडे झुकते. किनारा बुडालेला की उचलला गेलेला, हा वादही असाच जुना आहे. नद्यांची रुंद, खाऱ्या पाण्याने भरलेली मुखे बुडालेल्या किनाऱ्याची साक्ष देतात, तर ठिकठिकाणचे उंचावलेले वाळूचे बांध उलट बाजूने बोलतात. दोन्ही क्रिया वेगवेगळ्या काळी झाल्या असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जलमार्ग व पायमार्ग, पूर्वपीठिका : कारवार ते होन्नावर या पट्ट्यात काळी, गंगावळी, अघनाशिनी व शरावती या चार नद्या किनारा तोडतात. पूल होण्यापूर्वी येथील प्रवास म्हणजे काही मजल पायी आणि काही तरीने (नदी ओलांडणाऱ्या होडीने), असा जोडप्रवासच होता. गोकर्णाची यात्राही याच रीतीने होई. महाराष्ट्रातून व गोव्यातून जाणाऱ्या यात्रेकरूंना गंगावळी ओलांडल्याखेरीज क्षेत्र गाठता येत नसे.

या जोडप्रवासाचे सर्वांत ठळक नोंदलेले उदाहरण शिवाजी महाराजांचे आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये दक्षिणेकडील बसरूर बंदरावर आरमारी स्वारी करून परतताना ते गोकर्णास स्नानासाठी थांबले. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रात या आरमारात ८५ लहान गलबते व ३ मोठी जहाजे असल्याचे म्हटले आहे. गोकर्णाहून बहुतेक आरमार परत पाठवून महाराज खुष्कीने (जमिनीवरून) अंकोल्याकडे निघाले. सैन्य नद्यांपार उतरवण्यासाठी १२ गलबते तेवढी बरोबर ठेवली. या १२ गलबतांचा तपशील आरमाराच्या एकूण संख्येपेक्षाही मोलाचा आहे, कारण या किनाऱ्यावर पायदळालाही होडीशिवाय चालता येत नसे हे त्यातून कळते. स्नान महाशिवरात्रीच्या पर्वावर झाले असे सामान्यतः सांगतात. मात्र इंग्रजी पत्रांतील तारखा जुन्या, म्हणजे ज्यूलियन पंचांगाच्या असून त्या त्या काळी नव्या गणनेच्या दहा दिवस मागे होत्या. दोन्ही प्रकारच्या तारखा एकमेकींत मिसळल्याने काही ग्रंथांतील क्रम तिथीशी जुळत नाही, म्हणून येथे केवळ महिना दिला आहे. आरमार कोठे नांगरले असावे, याबाबत दक्षिणेकडील लहान पुळणींचे नाव घेण्यास आधार नाही. कोंडाळ्यांच्या तोंडाशी खडक आहेत आणि मोठ्या गलबतांना आसरा नदीमुखाशीच मिळतो. तेव्हा गंगावळी किंवा तदडीकडील बाजू अधिक संभवनीय मानावी.

पुळणींवरील मच्छिमारांच्या जुन्या वहिवाटीविषयी लेखी साधने फार थोडी आहेत. खारवी, हरिकंत्र, अंबिग इ. समाज येथे मासेमारी व तरीचा व्यवसाय करीत आले आहेत. सिंधुदुर्गातील रापणीशी जुळणारी ‘रंपणी’ नावाची ओढजाळी या किनाऱ्यावर १९७० च्या दशकापर्यंत मुख्य होती. पर्ससीन (माशांच्या थव्याला घेरणाऱ्या) जाळ्यांच्या यांत्रिक नौका आल्यावर ती मागे पडली आणि लहान होड्यांना दुसरे काम शोधावे लागले. पर्यटकांची ने-आण हे त्यांपैकी एक.

पायवाट : गावाच्या दक्षिणेकडील रामतीर्थाच्या टेकडीवरून कुडलेस आणि तेथून सडा ओलांडून ओमला जाणारी वाट बऱ्यापैकी रुळलेली आहे. खरा कस ओमनंतर लागतो. पुळणीच्या दक्षिण टोकाकडून वाट झाडीत चढते, काजू व ऑस्ट्रेलियन बाभळीतून सड्यावर येते आणि पुढे भूशिराच्या कडेला अरुंद होते. येथे उजव्या हाताला थेट समुद्र आणि डाव्या हाताला जांभ्याची भिंत असते. जांभ्यावर सुटे लाल खडे पडलेले असतात व ते पायाखाली गोळ्यांसारखे घरंगळतात, म्हणून उतरताना पाय आडवा टाकावा लागतो. हाफ मूनला पोहोचायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. तेथून पॅराडाइज जवळजवळ तितक्याच अवधीवर असले तरी मधला काही भाग मोठ्या धोंड्यांवरून जातो, आणि उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या) भरतीला खालचे धोंडे लाटांखाली येतात. उधाणाला भरती-ओहोटीतील फरक दोन मीटरच्या आसपास असतो. तो आकडा लहान वाटतो, पण धोंड्यांमधल्या वाटेला तेवढा पुरतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या दिवसांत हा अडसर कमी होतो. उलट बाजूने, बेलेकानहून येणारी वाटही वापरात आहे आणि सर्व पुळणी एका दिवसात चालणारे गिर्यारोहक पुष्कळदा तिकडूनच सुरुवात करतात. वाटेत गोड्या पाण्याचा भरवसा धरू नये. पावसाळ्यात ओला, शेवाळलेला जांभा निसरडा होतो. जून ते सप्टेंबर ही वाट टाळलेलीच बरी.

होडी : होड्या मुख्यतः ओमवरून सुटतात. वेळ निवडण्यात वाऱ्याचे गणित आहे. पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहत असतो व पाणी सपाट असते. दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा वाढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तो वायव्येकडून जोराने येऊन भूशिरांच्या टोकाशी पाणी उसळवतो. म्हणून सकाळची फेरी सुखाची. पुळणीवर धक्का नाही. नावाडी लाटांची चाल पाहत थांबतो, मोठी लाट सरताच नाळ (होडीचे पुढचे टोक) वाळूकडे घालतो व मशीन उचलून धरतो. तेवढ्या अवकाशात उतारूंनी गुडघाभर पाण्यात उतरायचे असते. सामान डोक्यावर घेण्याची पद्धत यासाठीच. पॅराडाइज येथे वाळूचा पट्टा अरुंद व कडेला खडकाळ असल्याने उतरण्याची जागा ठरलेलीच असते. नवख्या नावाड्याने तेथे होडी घालणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो व या फेऱ्या बंद असतात. परतीची होडी आधी ठरवून न ठेवता संध्याकाळपर्यंत बसून राहणाऱ्यांना अंधारात कड्यावरून यावे लागते, आणि ते खरोखर जिवावरचे आहे.

सद्यःस्थिती : १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर गोकर्ण रोड स्थानकामुळे मुंबई, पुणे व गोव्याकडील प्रवासी वाढले. गोव्यातील गर्दीला कंटाळलेले परदेशी प्रवासी त्याआधीपासून येत होते आणि पॅराडाइजवर झोपड्या व खाणावळी उभ्या राहिल्या होत्या. वन खात्याने त्या अतिक्रमण ठरवून हटवल्या. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या किनारी नियमन क्षेत्राच्या १९९१, २०११ व २०१९ च्या एकीची जागा दुसरीने घेतलेल्या अधिसूचनाही येथे लागू होत आल्या आहेत. तरीही प्लास्टिक व बाटल्यांचा कचरा साचतो. गाडीरस्ता नसल्याने तो डोक्यावरून किंवा होडीतूनच बाहेर काढावा लागतो, म्हणून नेलेली प्रत्येक बाटली परत आणणे हे येथे जाणाऱ्याचे कर्तव्य ठरते. पॅराडाइजला नियमित जीवरक्षक नाहीत. पोहणाऱ्यांनी खडकांच्या बाजूचे, बाहेर ओढणारे पाणी टाळावे.