जपान खरंच आक्रसला का? चालू डॉलर आणि स्थिर भाव

डॉलरमधल्या जीडीपीत भारत जपानला मागे टाकणार अशी चर्चा सुरू झाली की एक आलेख हमखास फिरू लागतो. 2012 साली जपान सुमारे 6.2 लाख कोटी डॉलरवर, 2023 साली 4.2 लाख कोटींवर. खाली ठळक ओळ: जपानची अर्थव्यवस्था एक तृतीयांशानं आक्रसली. हे साफ चूक आहे, आणि चांगले शिकलेले लोकही ते बिनदिक्कत पुढे पाठवतात.

चालू डॉलरमधला जीडीपी सगळ्यांच्या परिचयाचा. वर्षभराचं उत्पादन त्या वर्षीच्या भावानं मोजायचं आणि डॉलरच्या त्या वर्षीच्या सरासरी दरानं भागायचं.

घोळ होतो तो या भागाकारात. 2012 मध्ये डॉलरला सुमारे 80 येन पडत, 2023 मध्ये सुमारे 140. त्याच काळात येनमध्ये मोजलेला जपानचा जीडीपी सुमारे 500 लाख कोटींवरून 590 लाख कोटींवर गेला. महागाई वजा करून, म्हणजे स्थिर भावांनी पाहिलं तरी तो थोडा वाढलेलाच दिसतो. घसरला तो येन. कारखाने, रेल्वे, शेती यांतून निघणारं उत्पादन एक तृतीयांशानं घटलं असतं तर जपानमध्ये हाहाकार माजला असता.

उलट्या दिशेनंही हेच होतं. 1985 च्या प्लाझा करारानंतर (डॉलर स्वस्त करण्याचा बड्या देशांचा समझोता) येन झपाट्यानं वधारला आणि 1988 पर्यंत जपानचा डॉलरमधला जीडीपी दुपटीहून जास्त झाला. तीन वर्षांत कुठला देश दुप्पट उत्पादन करू लागतो? 2023 मध्ये जर्मनीनं जपानला मागे टाकून तिसरा क्रमांक घेतला, त्या वर्षी जर्मनीचं खरं उत्पादन घटलं होतं आणि जपानचं वाढलं होतं! क्रमवारीच्या बातमीत हे वाक्य पहिलं हवं. बहुतेकदा ते नसतंच.

आता भारत. 2012-13 ते 2023-24 या काळात रुपयांमधला जीडीपी जवळपास तिप्पट झाला. 2011-12 च्या स्थिर भावांनी तो दुपटीच्या किंचित खाली राहतो. डॉलरमध्ये साधारण दुप्पट. इथे डॉलरचा आकडा खऱ्या वाढीशी जुळला, कारण आपली महागाई आणि रुपयाची घसरण यांनी एकमेकींना बरंचसं खाऊन टाकलं. दरवेळी असं जुळत नाही, हे जपाननं दाखवलंच आहे.

म्हणून काळाच्या ओघातली तुलना करायची तर प्रत्येक देशाची वाढ त्याच्याच चलनात, स्थिर भावांनी घ्यावी. माझा आग्रह एवढाच. एकाच वर्षी कोण किती मोठं, हा प्रश्न असेल तर क्रयशक्ती समता वापरावी, म्हणजे त्या त्या देशातल्या स्वस्ताई-महागाईचा हिशेब धरून केलेलं मोजमाप. त्या मापानं भारत जपानच्या पुढे गेल्याचं 2011 च्या किमतींवर आधारलेल्या जागतिक बँकेच्या तुलनेतच दिसलं होतं. दरडोई जीडीपीत मात्र जपान 2023 मध्येही आपल्या सुमारे पाचपट होता, आणि चालू डॉलरमध्ये तेरा-चौदापट.

चालू डॉलर निरुपयोगी नाही. तेल, वायू विकत घ्यायचं किंवा परदेशी कर्ज फेडायचं तर तोच आकडा लागतो. जपान जवळपास सगळं तेल आयात करतो, त्यामुळे येन पडल्याचा चटका तिथे खराच बसतो. तो बसतो बिलात, उत्पादनाच्या आलेखात नव्हे.